गोड्या विहिरीची फिर्याद

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या खुनातली कुऱ्हाड कुठल्या दरोड्यात घुसते, माझं मलाच कळत नाही. एका विहिरीचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं. त्यात रक्त सांडलं नाही, कुणाला बेड्या पडल्या नाहीत. वरिष्ठांनी पाठ थोपटली नाही, उलट इतके दिवस कशात घालवलेत म्हणून खडसावलं. तरी नातवंडं गोष्ट सांगा म्हणाली की मी हीच सांगायला बसतो, आणि तीत पिस्तूल नाही म्हणून ती मधेच उठून जातात.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. राजधानी नागपूर. बुलढाणा जिल्हा तिथून इतका लांब की नागपूरचा हुकूम येईपर्यंत इकडचं काम कसंबसं उरकलेलं असे. मी पूर्णेच्या काठच्या एका ठाण्यावर ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यांची मुलंबाळं आजही तिथेच नांदत आहेत.

हा सगळा भाग खारपाणाचा. म्हणजे जमीन सोन्यासारखी, कापूस कमरेएवढा, पण विहीर खोदली की पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा केला तर दूध नासतं. दहा विहिरींत एखादी गोडी निघाली तर त्या घराची पत वाढते. सोयरीक जुळवताना मुलाच्या शेताआधी घरचं पाणी विचारणारे बाप मी पाहिले आहेत. घर विकत घेताना भिंती नंतर बघतात, आधी पाणी बघतात.

आठवडी बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी ठाण्यात जत्राच असते. कुणाची शेळी हरवलेली, कुणाचा खिसा कापलेला, दारू पिऊन पडलेले दोघे कोठडीत. माझे जमादार रोजनामा लिहीत होते. हे जमादार म्हणजे तपकिरीचा डबा, मोठा आवाज आणि मऊ काळीज. गुन्हेगाराला दम देताना ठाणं हादरे आणि नंतर त्यालाच स्वतःच्या डब्यातली भाकरी देत.

एक म्हातारा रंगारी आत आला. पांढरी दाढी, स्वच्छ सदरा, नखं मात्र कायमची निळी झालेली. मागे त्याची बायको, डोक्यावर पदर. म्हाताऱ्याने काखेतून एक लाल पागोटं काढून माझ्या टेबलावर पसरलं. त्यावर जागोजागी फिकट चट्टे होते.

"साहेब, सारी जिंदगी रंगात गेली," तो म्हणाला. "असं पागोटं माह्या हातून कधी उतरलं नाही. गिऱ्हाइकानं माह्या अंगावर फेकलं अन् म्या काहीच बोललो नाही. काय बोलू? त्याचं खरं होतं."

हकिकत अशी होती. हा रंगारी पिंपळगाव राजाचा. आमच्या गावात एका शेतकऱ्याचं घर विकायला निघालं होतं. घराच्या अंगणात विहीर, आणि ती गोड्या पाण्याची म्हणून पंचक्रोशीत नावाजलेली. रंगाऱ्याला पाणी गोडंच लागतं, खाऱ्या पाण्यात रंग धरत नाही. त्या भागात दुसरा रंगारी नव्हता. जन्मभराची पुंजी लावून नवराबायकोने घर घेतलं. राहायला आले, रांजण भरले, चूल पेटवली, आणि पाहतात तर विहिरीचं पाणी खारं.

"सौदा केला तवा गोडं होतं साहेब. आता खारं हाय. कोनं बदललं?"

जमादार म्हणाले, "चाचा, पानी काय कोंबडी हाय, कोनी रातीतून बदलून न्यायले?"

आता बायको पुढे आली. "साहेब, माही उमर किरायाच्या घरात गेली. दुसऱ्याच्या हिरीवर उभं राहून, बाई एवढी बादली ओतता का, असं म्हनत गेली. म्या यायले म्हटलं, मले दागिना नको, लुगडं नको. मरायच्या आधी माही हीर पाह्यजे अन् तिच्यात माही दोरी. आता हीर हाय, दोरी हाय अन् पानी तोंडात घेता येत नाही."

मी विचारलं, "घर घेण्याआधी पाणी तपासलं नाही?"

म्हाताऱ्याला हा प्रश्न लागला. "काऊन नाही तपासलं? एकदा पेऊन पाह्यलं. दुसऱ्यांदा कपडा अन् रंग सोबत आनला. त्यायच्याच अंगनात कपडा बुडवून वाळवला. काय रंग धरला साहेब! हिनं त्या पान्यात तुरीची डाळबी शिजवून पाह्यली. लोन्यासारखी झाली."

"पाणी विहिरीतून तुम्ही काढलं?"

तो थोडा घुटमळला. "नाही. घरधनी म्हने, रंगारीभाऊ, टाका बादली, हीर तुमचीच समजा. पन म्या म्हटलं, आबा, घर माह्या नावावर होऊ द्या. तवापावतर तुमच्या हिरीत माही दोरी कशी सोडू? मंग त्यायनं सुनेले आवाज देला. तिनं आतून घागर आनून देली."

आज हे वाचणाऱ्याला नवल वाटेल. पण त्या काळी कुणाची दोरी कुणाच्या विहिरीत जाते ही साधी बाब नव्हती. एका मुसलमान कारागिराने हिंदू शेतकऱ्याच्या आडाचा मान राखला, आणि त्या शेतकऱ्यानेही मोठ्या मनाने बादली पुढे केली. दोघांचं वागणं इतकं चांगलं होतं की पाणी कुठून आलं हे कुणी पाहिलंच नाही. फसवणूक करायला लबाडच माणसं लागतात असं नाही, एकमेकांची भीड ठेवणारी दोन सज्जन माणसं पुरतात.

उठता उठता बायको म्हणाली, "आनखी एक सांगायचं हाय."

"ते नको सांगू," रंगारी म्हणाला. "साहेब हसतीन."

"हसू द्या. साहेब, आमची रिकामी घागर रातच्याले अंगनात असते. पहाटे पाहा तं भरेल असते. गोडं पानी. रोज. आम्ही भरत नाही, शेजारी भरत नाहीत. यायले वाटते जिन हाय."

जमादारांनी लेखणी खाली ठेवली. भानामतीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मी मात्र म्हटलं, जो कुणी असेल तो चांगल्या मनाचा आहे आणि त्याला काहीतरी टोचतंय. बाईंना एकच काम सांगितलं, पहाटे दाराआड बसा, कोण येतं ते पाहा आणि आरडाओरड करू नका. पोलीस बसवले असते तर जमादारांच्या शिंकेने माणूस पळाला असता.

मी तेव्हाच गुन्हा नोंदवला नाही. अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली. फसवणुकीच्या कलमाला लबाडीची नियत सिद्ध व्हावी लागते. खारं पाणी एवढा पुरावा पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या घरी जाऊन पंचनामा केला. गावातली चार वजनदार माणसं पंच. विहीर बांधीव, पाणी भरपूर. मी बादली काढून तोंडात घोट घेतला आणि लगेच थुंकला. पंचांना विचारलं, या विहिरीचं पाणी कसं?

"अमृत!" एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला.

"शेवटचं कधी प्यालात?"

तो विचारात पडला. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांनी त्या पाण्याची तारीफ केली आणि एकालाही ते शेवटचं कधी प्यालो ते सांगता येईना. घरी जे पाणी समोर येई ते पीत, बस. विहिरीजवळ धुण्याचा दगड होता. मी चाकूने खरवडलं. क्षाराचा पांढरा थर नखाएवढा जाड निघाला. असा थर एका उन्हाळ्यात बसत नाही. म्हणजे विहीर सौद्याच्या बऱ्याच आधी खारी झाली होती, आणि रंगाऱ्याने प्यालेलं पाणी तिच्यातलं नव्हतंच.

त्याच संध्याकाळी खबर आली. विकणाऱ्याच्या भाऊबंदांपैकी एक जण ठाण्याच्या मागच्या दाराने आला आणि जमादारांच्या कानाशी लागला. म्हणाला, सौद्याच्या दिवशी त्या घरासमोर बैलगाडी उभी होती आणि गाडीत पिंपं होती. गोडं पाणी आणून विहिरीत ओतलं, दुसरं काय! जमादार खूश. त्यांनी गाडीवानाला पकडून आणलं. गाडी खरी, पिंपंही खरी, पण त्यात शेजारच्या दुकानदाराचं सरकीचं तेल होतं. शिवाय एवढी मोठी विहीर गोडी करायला किती गाड्या लागतील, हे जमादारांच्या लक्षात आल्यावर ते स्वतःच हसायला लागले. खबऱ्याचं आणि विकणाऱ्याचं बांधावरून जुनं भांडण होतं. पोलिसात पुष्कळ खबरा अशाच येतात. त्या गुन्ह्याबद्दल कमी सांगतात आणि खबर देणाऱ्याबद्दल जास्त.

आता घर विकणाऱ्या म्हाताऱ्याची जबानी घ्यायची होती. त्याचा मुलगा मलकापूरला कापसाच्या जिनिंग गिरणीत कामाला होता. त्याला मोठी खोली मिळाली की म्हातारा आणि सून तिकडेच जाणार होते, तोवर गावातच एका नातेवाइकाच्या घरी उतरले होते. म्हातारा उंच, ताठ, गालमिशा पांढऱ्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गुडघे गेलेले. खाटेवरून उठायला काठी लागे, पण आवाज बारा बैलांना हाकणारा.

मी फसवणूक हा शब्द उच्चारला मात्र, म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली.

"म्या फसवलं? साहेब, ती हीर म्या खोदली. सुरुंग म्या लावला. खारपानात गोडं पानी लागलं म्हनून गावोगावचे लोक पाहाले आलते. दुष्काळात पुरी आळी माह्या हिरीवर जगली, कोनाले नाही म्हटलं नाही. रंगाऱ्याले म्या शपथेवर सांगतलं का पानी गोडं हाय. आताबी सांगतो. येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बोलवा साऱ्या गावाले. सगळ्यायसमोर त्या हिरीचं पानी पेतो. खारं निघालं तं मले कोठडीत टाका."

अशी माणसं मी ओळखतो. खोटं बोलणारा माणूस शपथ घेताना तुमच्याकडे बघत राहतो, पटतंय की नाही ते तपासत. हा म्हातारा माझ्याकडे बघतही नव्हता, त्याला माझी गरजच नव्हती.

"सूनबाई, साहेबायले पानी दे," तो ओरडला.

सून तांब्याभांडं घेऊन आली. तिशी उलटलेली, सडपातळ, नजर खाली. पाणी गार आणि गोड होतं. म्हाताऱ्यानेही घोट घेतला, मिशा पुसल्या आणि त्याचा राग थोडा उतरला.

"पाहा साहेब, नशीब कसं असते. घर इकलं तवा वाटलं, आता कोनतं पानी नशिबी येते देव जाने. पन हेबी थेट आमच्या हिरीवानीच. चव जराबी इकडंतिकडं नाही."

सुनेच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी जमिनीवर सांडलं. ती झटकन आत गेली.

बाहेर पडताना मी त्या नातेवाइकाला सहज विचारलं, "तुमची विहीर कुठल्या बाजूला?"

"आमची हीर?" तो हसला. "हीर असती तं काय पाह्यजे होतं! नाल्यावर लोकल बोर्डाची हीर हाय, तिथून पानी येते. गावाबाहेर. बाया आनतात."

मी रस्त्यातच थांबलो. जमादारांना म्हटलं, "जमादार, या घरात नाल्यावरचं पाणी. म्हातारा म्हणतो त्याच्या विहिरीची चव अगदी अशीच. मग तो जुन्या घरात कुठलं पाणी पीत होता?"

जमादारांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजे सूनबाई..." एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली आणि रंगाऱ्याची बायको एकटीच ठाण्यात आली. त्या काळी बाईमाणूस एकटं ठाण्यात येणं म्हणजे काहीतरी अघटितच. ती बाकावर बसली नाही. "साहेब, तो कागद फाडून टाका. आमची फिर्याद नाही."

"का?"

"नाही म्हंजे नाही. पानी खारं तं खारं. आमचं नशीब."

फिर्यादीच उलटला की पोलीस चिडतो, कारण त्यामागे बहुधा धमकी नाहीतर पैसा असतो. पण ही बाई घाबरलेली नव्हती, ती रडून आलेली होती. मी तिला पाणी दिलं. तांब्या हातात घेतला आणि तिला पुन्हा हुंदका आला.

"पहाटे पकडलं म्या तिले," ती म्हणाली. "घागरीत पानी ओतत होती. म्या हात धरला. ओरडली नाही साहेब, पळाली नाही. खाली बसली अन् माहे पाय धरले. म्हने, बाई, मले मारा, पोलिसात द्या, पन मामाजीले सांगू नका."

मामाजी म्हणजे तिचा सासरा. ती सून मग रंगाऱ्याच्या घरीच मला भेटली, त्याची बायको शेजारी बसलेली. जबानी घेताना मी पुष्कळ माणसं पाहिली, पण फिर्यादीने आरोपीचा हात धरून बसलेलं तेवढं एकदाच.

सासू वारली त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि मग खारं होत गेलं. खारपाणात असं होतं, कुणाच्या हातात नसतं. म्हातारा बायकोच्या दुःखाने अंथरुणाला खिळला होता, त्यात डोळे जात चाललेले. सुनेला वाटलं, आत्ता सांगायला नको, थोडे दिवस जाऊ देत. ती नाल्यावरून पाणी आणायला लागली. त्याच्या पिण्याचं, स्वयंपाकाचं, त्याच्या आंघोळीचंसुद्धा. विहिरीचं पाणी फक्त गुरांना आणि धुण्याला. म्हातारा बरा झाला, ओसरीवर बसायला लागला, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजून म्हणायला लागला, "पे, खारपानात असं पानी कुठं भेटनार नाही तुले." मग सांगायचं राहूनच गेलं. वर्षं गेली.

"गावात कुणालाच माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"सगळ्या बायायले माहीत होतं," ती म्हणाली. "दुष्काळात त्यायनं मामाजीच्या हिरीचं पानी नेलं होतं. कोनी बोललं नाही. नाल्यावर मले सगळ्यायच्या आधी बादली टाकू देत. म्हनत, भर तू, आबा उठायच्या आत जा."

म्हणजे अर्ध्या गावाला ठाऊक होतं आणि मी दुसऱ्या अर्ध्याचे पंच घेऊन फिरत होतो.

"आणि रंगाऱ्याला दिलेलं पाणी?"

"मामाजी म्हनले, सूनबाई, आपल्या हिरीचं पानी दे. म्या आत गेली. आत दोन घागरी. एक खारी, एक गोडी. खारी नेली तं मामाजीचं तोंड साऱ्यायसमोर खाली होते. गोडी नेली तं या मानसाचं घर बुडते. मले कळत होतं साहेब. कळत नव्हतं असं म्या म्हननार नाही. माहा हात गोड्या घागरीलेच गेला. हाताले तीच सवय होती."

रंगारी दारात उभा राहून ऐकत होता. तो अंगणात गेला आणि उगाच रांजण पुसत बसला.

आता कायद्याने काय करायचं? ज्याने घर विकलं त्याच्या मनात पाप नाही. जिने पाणी दिलं तिने काही विकलं नाही आणि एक पैसा घेतला नाही. पण रंगाऱ्याचा धंदा तर बसला होता, आणि सौदा फिरवायचा तर म्हाताऱ्याला खरं सांगणं भाग होतं. ते सांगायचं कुणी? मी जमादारांकडे पाहिलं, जमादार छताकडे पाहू लागले. रंगारी म्हणाला, "मी भीक मागीन पन त्या मानसाले हे सांगनार नाही." मलकापूरहून मुलगा आला. तो गाडीतून उतरल्यापासून नुसता रडत होता. मीही टाळत राहिलो. आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा, शब्द दिला होता म्हणून, फेटा बांधून, काठी टेकत, आपण होऊन त्या घरी आला. मागे गाव.

विहिरीशेजारी खाट टाकून त्याला बसवलं. रंगाऱ्याची बायको माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, आत पहाटेची घागर हाय. गोडी. ती देऊ का?"

जिचं सगळं गेलं होतं ती हे विचारत होती. तेवढ्यात सून पुढे झाली. "नाही," ती म्हणाली. "आता नाही." तिने दोरी घेतली, बादली विहिरीत सोडली, ओढली, तांब्या भरला आणि स्वतःच्या हाताने सासऱ्यापुढे धरला. "मामाजी, हे आपल्या हिरीचं पानी."

म्हाताऱ्याने तांब्या तोंडाला लावला. पहिल्या घोटालाच त्याचा गळा थांबला. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. मग त्याने बाकीचं पाणी, एक थेंब न ठेवता, सावकाश पिऊन टाकलं. शब्द दिला होता ना. तांब्या खाली ठेवला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"सासूबाई गेल्या तवापासून."

"पानी कोन आनत होतं?"

ती त्याच्यापुढे वाकली. म्हाताऱ्याने हात पुढे करून चाचपडत तिचं डोकं शोधलं. आशीर्वादाला ठेवतात तसा हात ठेवला आणि तो हात तिथेच थांबला. पदराखाली, टाळूवर, जिथे घागर टेकते तिथे, केस झडून गेले होते. म्हाताऱ्याची बोटं त्या जागेवरून फिरत राहिली. मग तो मोठ्याने, लहान मुलासारखा रडला. त्याला गप्प करायला कुणी गेलं नाही. जमादार पाठ फिरवून उभे होते, आणि त्या दिवशी त्यांनी तपकीर ओढली नव्हती तरी नाक पुसत होते.

रडून झाल्यावर त्याने फेटा सारखा केला आणि रंगाऱ्याला हाक मारली. "रंगारीभाऊ, घर वापस घेऊ का? की दुसरं काही?"

"आबा, घर राहू द्या. आमचं चालून जाईन."

"चालून कसं जाईन? म्या तुले गोड्या पान्याची हीर इकली. गोड्या पान्याची हीर तुले भेटन." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, लिहा हे. अन् सुनेचं नाव कुठं लिहू नका."

मी त्यातलं काहीच लिहिलं नाही. दोन्ही पक्षांत समजूत झाली, अर्ज निकाली, एवढंच लिहिलं. सर्कल इन्स्पेक्टरांनी त्यावरूनच मला खडसावलं होतं.

म्हाताऱ्याचं एक शेत नाल्याला लागून होतं. त्याच्या टोकाची पट्टी त्याने रंगाऱ्याला दिली आणि तिथे स्वतःच्या खर्चाने विहीर खोदायला घेतली. जागा ठरवायला जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या आला होता, नारळ हातावर धरून फिरला. म्हाताऱ्याने त्याला दक्षिणा दिली, त्याचं ऐकून घेतलं आणि मग नाल्यावर पाणी भरणाऱ्या बायकांना बोलावून विचारलं, "बायायनो, गोडं पानी कोन्या अंगाले झिरपते?" त्यांनी बोट दाखवलं तिथेच कुदळ पडली.

त्या प्रकरणानंतर माझ्या कामाची रीत बदलली. पंच घेताना मी बायकांना विचारल्याशिवाय पुढे गेलो नाही. आजही ओळखीचा कुणी घर घ्यायला निघाला की माझ्याकडे येतो. मी सांगतो, पावसाळ्यात पाहू नका, ऐन वैशाखात जा. कुणाच्या हातचं पाणी पिऊ नका, स्वतः बादली सोडा, भीड ठेवू नका. डाळ शिजवून पाहा. धुण्याचा दगड खरवडा. आणि घरातल्या, शेजारातल्या पाणी भरणाऱ्या बाईला एकटीला विचारा. हल्ली नळ आले, पाणी उपसायच्या मोटारी आल्या, तरी हा सल्ला मी बदललेला नाही. पण तपासात मला जे खरं सापडलं ते सल्ल्यात मावत नाही. माणूस माणसाला फसवतो तो लोभाने, असं मला शिकवलं होतं. मायेनेही फसवतो, आणि त्याची किंमत तिसराच कुणी भरतो. त्या बाईला ते कळत होतं, म्हणून ती रोज पहाटे परक्याची घागर भरत होती.

नव्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. रंगाऱ्याच्या बायकोने नवी कोरी दोरी आणली होती. सगळ्यांना वाटलं, आता ती पहिली बादली सोडणार. तिने दोरी म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याला धड दिसत नव्हतं, गुडघे साथ देत नव्हते. जमादारांनी कमरेला धरलं, मुलाने खांद्याला, आणि त्याने, मधे मधे दम खात, ती बादली स्वतः ओढून काढली. तांब्या भरला. आम्ही समजलो, तो चव पाहणार. त्याने तोंडाला लावला नाही. दोन्ही हातांनी तो तांब्या धरून तो अंदाजाने वळला.

"सूनबाई, कुठं हायस? इकडं ये. खाली बस," तो म्हणाला. "आज पानी म्या आनलं. तू पे."